खाली गोऱ्हा असलेली गाय

"दूध गोऱ्ह्याच्या गाईचंच पाहिजे," दैवशालानं पिशवीतून पुडी काढली आणि देव्हाऱ्यापुढं ठेवली. "खाली कालवड असली तर उलटं होतंय. बुवानं बजावून सांगितलंय."

सोमेश्वरला ठसका लागला. बशीतला चहा धोतरावर सांडला.

बहीण दीड वर्षानं घरी आली होती. नातीच्या जावळात तिला दिलेली साडी पातळ निघाली, म्हणून ती साडी तिनं खुर्चीवरच ठेवली आणि अंबडची एसटी धरली. तेव्हापासून फोन नाही, राखी नाही. नणंद गेल्याचं सुरेखाला फार दुःख झालं होतं अशातला भाग नाही, पण गावात चार ठिकाणी विचारणा होई आणि सुरेखाला दरवेळी नवं कारण शोधावं लागे. मग या महिन्यात सून प्रियदर्शनीला दिवस गेल्याचं कळवायला तिनंच आपणहून फोन केला. आणि आज शनिवारी दुपारी दैवशाला दारात हजर! सुरेखाला इतका आनंद झाला की तिनं दुपारच्या उन्हात भज्यांचं तेल तापवलं.

"उद्या ऐतवार आहे," दैवशाला म्हणाली. "दिस उगवायच्या वक्ताला पूर्वेला तोंड करून प्यायचं. तिसरा लागलाय ना? बराबर टाइम आहे. एकदा जीव ठरला की मंग काही उपेग न्हाई."

"दवाखान्यातल्या मॅडमनी विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय, आत्या," प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"त्या मशिनीवर बघायला बंदी आहे, ते बराबर आहे. आपण कुठं मशिनीवर चाललो? झाडपाला आहे हा. झाडपाल्याला काय होतंय?" दैवशालानं तिच्याकडं न बघताच सांगितलं आणि भावाकडं वळली. "सोमा, तुझ्या गोठ्यात एवढ्या गाया. एकीच्या तरी खाली गोऱ्हा असंलच की."

इथंच तर सगळी अडचण होती. सोमेश्वरच्या गोठ्यात सगळ्या गायींच्या खाली कालवडी होत्या. पोरानं, देवानंदनं, गाय भरवायचं शिक्षण घेतलं आणि कालवडीचीच कांडी वापरायला सुरुवात केली. त्या कांडीतलं बीज निवडून घेतलेलं असतं, त्यामुळं गोऱ्हा क्वचितच होतो. दूध डेअरीला घालणाऱ्याला गोऱ्हा काय कामाचा? नांगराला ट्रॅक्टर आलेला, विकायची सोय राहिलेली नाही, आणि खायला तर रोज लागतं. बघता बघता सगळं गाव देवानंदला बोलावू लागलं. गोठ्यात कालवड झाली की पेढे वाटायचे आणि घरात मुलगी झाली की कोण झालं ते हळू आवाजात सांगायचं, अशी गावाची रीत पडली. आणि आता त्या गावात गोऱ्हा औषधालासुद्धा मिळत नव्हता.

"चांदीला झाल्ता की!" सुरेखा झारा हातात घेऊन बाहेर आली. "मागच्या ऐतवारी. कांडी चुकली म्हणला देवा." बोलून झालं आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग झाऱ्याकडं पाहिलं.

"मंग कुठं हाय?" दैवशालानं विचारलं.

"दिला एकाला," सोमेश्वर म्हणाला.

"कुणाला?"

"हाय एक वळखीचा."

"मंग बसलास काय? जल्दी जाऊन आण. उद्या गाईला पाजव, तोंड लागू दे. परत दे नंतर त्याचा त्याला."

सोमेश्वर उठला. वळखीचा कुणी नव्हता. सोमवारी पहाटे त्यानं तो गोऱ्हा पोत्यात घालून पिकअपमध्ये टाकला होता आणि तीर्थपुरीच्या अलीकडं कालव्याच्या कडेला बाभळीखाली सोडून आला होता. गावातले सगळेच असं करतात. कोण कुठं सोडतो ते कुणी कुणाला विचारत नाही, आणि त्यामुळंच तर सगळ्यांना करता येतं. आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं तेही सख्ख्या बहिणीनं, सुनेच्या देखत.

*

पिकअप देवानंद चालवत होता. बाप शेजारी बसून बाहेर बघत होता.

"कुठं घेऊ?"

"कालव्याच्या बाजूनं घे."

देवानंदनं मान हलवली. वळखीचा माणूस कोण, हे त्यानं विचारलं नाही. सोमवारी सकाळी गोठ्यात चांदी हंबरत होती तेव्हाही त्यानं विचारलं नव्हतं. दूध काढायच्या मशीनची मोटार चालू करून त्या आवाजात दूध काढून घेतलं होतं.

दर महिन्याला डेअरीवर तो शेतकऱ्यांना जमवून बोलायचा. बोलायला चांगला होता. "गाईच्या नावानं बोंब मारू नका," तो सांगायचा. "कालवड का गोऱ्हा, हे गाय ठरवत न्हाई. ते वळूच्या बीजावर असतं. गाय बिचारी जे येईल ते वाढवती." लोक हसायचे, पण पटायचं त्यांना. मागच्या बैठकीला प्रियदर्शनी त्याला डबा द्यायला आली होती. दाराशी उभी राहून तिनं हे सगळं ऐकलं होतं आणि घरी आल्यावर ती म्हणाली होती, "छान समजावता हो तुम्ही."

काल तीच म्हणाली होती, "आत्या येतायत ते कशासाठी, मला कळलंय. तुम्ही नाही म्हणा. मी म्हटलं तर सून वाईट ठरते, तुम्ही म्हटलं तर नुसता वाद होईल."

"बघू," असं तो म्हणाला होता.

"अण्णा," आता तो म्हणाला, "प्रियाला ते औषध घ्यायचं न्हाई."

"मंग तिनं म्हणावं तसं."

"ती कसं म्हणंल?"

"तर मंग तू म्हण."

"तुम्ही आत्याला सांगितलं तर ती ऐकंल."

"दीड वर्षानं बहीण दारात आलीये माझ्या," सोमेश्वर म्हणाला. "तुझी माय दुपारपासून हसून राह्यली. मी मोडता घालू का? एक कपभर दूध तर आहे. पिऊन टाकायचं. विषय मिटला."

देवानंदला राग आला, पण कुणाचा आला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं गिअर बदलला.

बाभळीखाली काही नव्हतं. सोमेश्वर खाली उतरून झुडपांत बघू लागला. कुत्र्यांनी नेला असेल, असं देवानंदच्या मनात आलं आणि त्याच क्षणी, तसं झालं असलं तर बरं, असंही आलं. गोऱ्हाच नाही म्हटल्यावर औषधही नाही, आणि कुणाला काही म्हणायलाही नको. मग तेवढ्यात पलीकडच्या वावरातल्या पत्र्याच्या शेडमधून त्याला बारीक हंबरणं ऐकू आलं.

शेडपुढं एक म्हातारी खाली बसून गोऱ्ह्याला बाटलीनं दूध पाजत होती. बाटली थंड पेयाची, तोंडाला रबरी बूच बसवलेलं. तिचा नवरा शेळ्यांना पाला टाकत होता.

"राम राम," सोमेश्वर म्हणाला.

"राम राम. कुठले पाव्हणं?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याचं नाव कडूबा, तिचं झुंबरबाई. कालव्यालगतचं एवढंच त्यांचं रान होतं.

"इकडूनच चाल्लो होतो. गोऱ्हा चांगला आहे."

"चांगला कशाचा!" झुंबरबाई म्हणाली. "कोण मेला टाकून गेल्ता त्या बाभळीखाली. आजून नाळ बी वाळली न्हवती. मुंग्या लागल्या व्हत्या डोळ्याला. लेकराबाळाचे असतील का न्हाई हे लोक?"

सोमेश्वर पायातल्या चपलेकडं बघत राहिला.

"आमचाच आहे तो, मावशी," देवानंद म्हणाला.

झुंबरबाईनं बाटली बाजूला केली. आधी तिनं पोराकडं पाहिलं, मग बापाकडं, मग बाजूला उभ्या नव्या पिकअपकडं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर देवानंदला चाललं असतं.

"मंग आता काहून आलाव?"

"गाय पान्हा चोरून राह्यली," सोमेश्वर पटकन म्हणाला. "वासरू दिसल्याबिगर दूधच सोडंना."

चांदी दोन्ही वेळा बादली भरून देत होती.

"मायचं काळीज आहे, बाबा," झुंबरबाई म्हणाली. तिला खरंच वाटलं. तिला खरं वाटलं हे देवानंदला सगळ्यात जड गेलं. ती उठली, तिनं गोऱ्ह्याचं तोंड पदरानं पुसलं आणि कडूबानं त्याला उचलून पिकअपमध्ये ठेवलं, खाली पोतं अंथरून. मग तिनं बाटलीही दिली. "आता सवय ह्या बाटलीची लागलीये त्याला. मायनं जवळ न्हाई केलं तर ह्यानंच पाजा. अन् आता टाकू नका."

"न्हाई न्हाई, बिलकुल न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

परतीच्या वाटेवर बाटली सोमेश्वरच्या मांडीवर होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला घर येईपर्यंत सुचलं नाही.

*

चांदीनं गोऱ्ह्याला जवळ केलं नाही. रविवारी उजाडता उजाडता देवानंदनं त्याला तिच्या कासेशी नेलं. तिनं वळून हुंगलं आणि लाथ मारली. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा तिनं शिंगं उगारली. पाच-सहा दिवसांत त्याच्या अंगाला परक्या घराचा वास लागला होता. शेवटी तिचे मागचे पाय बांधले, दैवशालानं गोऱ्ह्याचं तोंड धरून सडाला लावलं, त्यानं एक घोट घेतला न घेतला तोच ती म्हणाली, "झालं. तोंड लागलं. काढ आता दूध."

प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होती. ती बदनापूरची, बाप तहसीलमध्ये कारकून. लग्नाआधी गोठ्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण ते बांधलेले पाय बघून तिनं खिडकी लोटून घेतली. आत चार वर्षांची श्रद्धा अजून झोपली होती.

सुरेखा तांब्या घेऊन आत आली आणि दूध गाळू लागली.

"आई," प्रियदर्शनीनं विचारलं, "तुम्ही घेतलं होतं हे?"

"घेतलं की. दोनदा."

"मग?"

"मंग काय. दोन्ही बारीला पोरीच." सुरेखा हसली. दोघी नणंदा परभणीकडं दिल्या होत्या, दिवाळीला यायच्या. "धाकटीच्या बारीला तर तोंड आलं माझं. चार दिवस पाणी पोटात टिकंना. सासूबाई म्हणल्या, औषध काम करून राह्यलं."

"आणि ह्यांच्या वेळेला?"

सुरेखानं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देवाच्या बारीला वन्संच बाळंतपणाला माहेरी आलत्या. औषध आणायला जाणार कोण? राह्यलंच ते."

देवानंद माझ्या औषधाचा, हे दैवशाला आत्या लग्नाच्या मांडवातसुद्धा सांगत होत्या. "तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? भावांच्यात वाटण्या झाल्या, आता माहेरात त्यांचा तेवढाच मान आहे. सांगू दे." सुरेखानं गाळणं झटकलं. "मनानं वाईट न्हाई बाई. दोन एसट्या बदलून गेल्या म्हणं त्या बुवाकडं. तुझ्याचसाठी ना?"

"तुम्हाला माहीत आहे याचा उपयोग नाही. त्रास होतो तेही माहीत आहे."

दूध गाळून झालं होतं तरी सुरेखा गाळणं हातात धरून उभी होती.

"मग मला का देता?"

"दीड वर्षानं आल्यात गं त्या," सुरेखा म्हणाली. हे कारण आपल्यालाच किती किरकोळ वाटतंय ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि कप शोधायला फळीकडं वळली. फुटका नको, म्हणून तिनं पाहुण्यांच्या कपातला एक काढला.

*

ओट्यावर पूर्वेच्या बाजूला पाट मांडला होता. दैवशालानं पुडी सोडली. आतलं चूर्ण काळपट होतं. कपातल्या दुधात ते बोटानं ढवळल्यावर तिनं बोट तोंडात घातलं नाही, फडक्याला पुसलं. सोमेश्वर खुर्चीवर, देवानंद खांबाला टेकून, सुरेखा उंबऱ्यात. दिवस उगवायला आला होता.

"बस, पोरी. नाव घे देवाचं आन एका दमात पिऊन टाक."

प्रियदर्शनी पाटावर बसली. कप हातात घेतला. मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही डेअरीवर सांगता ते एकदा इथं सांगा ना."

देवानंदनं बापाकडं पाहिलं. बाप गोठ्याकडं बघत होता.

"काय सांगतो डेअरीवर?" दैवशालानं विचारलं.

"काही न्हाई, आत्या. ते जनावरांचं असतं."

"जनावरांचं तर जनावरांचं. सांगा," प्रियदर्शनी म्हणाली.

गावापुढं घडाघडा बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओट्यावर घाम फुटला. "गाईचा दोष नसतो," तो खाली बघत म्हणाला, "असं सांगतो. कालवड का गोऱ्हा, ते गाईवर नसतं."

"मंग कुणावर असतं?"

"वळूवर."

सासरे, सून, आत्या समोर असताना या घरात असलं बोलणं कधी झालं नव्हतं. सुरेखानं पदर तोंडाला लावला.

"मग हे औषध कुणी घ्यायचं?" प्रियदर्शनी म्हणाली.

"लाज न्हाई वाटत का गं?" दैवशाला कडाडली. "सासरा बसलाय समोर!"

"वाटते ना, आत्या. कालपासून वाटतेय. श्रद्धानं झोपताना विचारलं, गोऱ्हा कुठं गेला होता. मला सांगता आलं नाही."

गोठ्यात तो गोऱ्हा ओरडत होता. रात्रीपासून तो उपाशी होता, सकाळी भुकेनं आईच्या सडाला तोंड लावावं म्हणून त्याला मुद्दाम बाटली दिली नव्हती. सोमेश्वरला वाटलं, आता ही मला विचारणार, पोरगी झाली तर तिला कोणत्या बाभळीखाली नेणार, अण्णा. तिनं विचारलं नाही. त्यानं उत्तर मात्र शोधून पाहिलं, आणि त्याला खुर्चीवर बसवेना.

"राहू दे का, आक्का?" तो कसंबसं म्हणाला.

"काय राहू दे? म्या काय जहर आणलंय का?" दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन एसट्या बदलून, उन्हातान्हाचं जाऊन आले. काही होत न्हाई त्यानं. झाडपाला आहे म्हणलं ना!"

प्रियदर्शनीनं कप देवानंदपुढं धरला. "होत नाही ना काही? मग तुम्हीच घ्या. तुम्ही गावाला सांगता ते खरं असेल, तर औषध तुमचंच आहे."

देवानंदनं कप घेतला. त्यात हिंमत थोडी होती आणि शरमच जास्त होती. काल कालव्यावर 'आमचाच आहे' एवढं तरी त्याला म्हणता आलं होतं. इथं बायकोनं दोन दिवस वाट पाहिली तरी एक 'नाही' त्याच्या तोंडून निघाला नव्हता. आता बोलण्यापेक्षा पिणं सोपं वाटत होतं. त्यानं पूर्वेला तोंड केलं आणि कप ओठाला लावला.

"ए देवा!" दैवशाला अशी झेपावली की तिचा पाय पाटाला अडखळला. तिनं त्याच्या हातावर फटका मारला. कप फरशीवर आपटला. "ठेव ते! मेल्या, पितोस काय? काय घातलंय त्यात कुणाला ठाऊक!"

दूध ओट्यावरून पायरीकडं वाहत गेलं. दैवशाला भाच्याचा हात धरून उभी होती. आपण काय बोललो ते तिला जरा वेळानं कळलं. तिनं प्रियदर्शनीकडं पाहिलं, लगेच नजर काढून घेतली आणि मग तिला नजर ठेवायला जागाच सापडेना.

प्रियदर्शनी पाटावरून उठली आणि आत लेकीकडं गेली. सोमेश्वर खुर्चीवरून उठला, कोनाड्यातली झुंबरबाईची बाटली घेतली आणि गोठ्याकडं निघाला.

सुरेखा फडकं घेऊन आली. खाली बसून तिनं आधी कपाचे तुकडे वेचले, मग फरशी पुसायला लागली. पुसता पुसता, वर न बघता, रोजच्याच आवाजात ती म्हणाली,

"मी दोनदा पिले, वन्सं. तवा कुणीच न्हाई ओरडलं."